हळदीच्या दोऱ्याचा मुकुट

इसम नामे संतोष वल्द उत्तमराव डहाळे, उमर अंदाजे पंचेचाळीस, पेशा सोनारकाम, साकीन आदिलाबाद, कापूस मार्केटच्या मागची गल्ली. उंची मध्यम, बांधा मध्यम, दुकान मध्यमपेक्षा लहान. ओळखीच्या खुणा: उजव्या अंगठ्यावर भाजल्याचा जुना व्रण, डोळ्याला भिंग, बोलण्यात संकोच. स्थावर मालमत्ता: एक शटर. जंगम मालमत्ता: ऐरण, फुंकणी, मूस, चिमटे आणि पत्नी रंजीता, जी स्वतःला या यादीत धरत नाही. पूर्वीचे गुन्हे: निरंक. विशेष प्रावीण्य: राजकन्यांचे दागिने. शेरा: सदर इसमाच्या हाती कोणतीही मौल्यवान वस्तू सोपवण्यापूर्वी सोपवणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर खात्री करून घ्यावी.

असा कागद कुठल्याही कचेरीत नाही. पण लग्नसराईतल्या त्या एका आठवड्यात आदिलाबादच्या बाजारातला जो तो हा कागद पाठ असल्यासारखा बोलत होता. विशेषतः शेरा.

राजकन्यांचं प्रकरण सुरू झालं ते संतोषच्या मुलीच्या शाळेत. सपनाला स्नेहसंमेलनात राजकन्या व्हायचं होतं. बाकीच्या राजकन्यांनी पुठ्ठ्याला सोनेरी कागद चिकटवून आणला. सपनाच्या बापाला पुठ्ठा कापता येत नव्हता, म्हणून त्यानं पितळेचा पत्रा कापला, त्यावर नक्षी ठोकली, कडेला मोती बसवले. राजकन्या चौथी आली, मुकुट पहिला. दुसऱ्या दिवशी एक आई दुकानात आली आणि म्हणाली, असाच चांदीत होईल का. मग एका बापाला सोन्यात पाहिजे होता, वाढदिवसाला. पुढं संतोष इतर वस्तूही करू लागला: शंभर वर्षं झोपलेल्या राजकन्येची चाती लावलेलं लॉकेट, मनोऱ्यात कोंडलेलीच्या वेणीसारखा गुंफलेला गोफ, बेडकाला वर म्हणून पत्करणारीसाठी हिरव्या डोळ्यांच्या बेडकाची अंगठी. जिल्ह्यात राजकन्या किती, याचा अधिकृत आकडा उपलब्ध नाही. मागणी पाहता पुष्कळ असाव्यात.

रंजीताला हे पटत नव्हतं. ती गुडीहत्नूरची, बोलायला मोकळी.

"तुमच्या गोष्टीतली राजकन्या मंजे काय वो?" ती म्हणायची. "आई मेलेली, बाप दुसरीच्या मुठीत, अन् घरची सारी भांडी हिच्या गळ्यात. अशा तं आपल्या गल्लीत बी हायेत. त्याइले कोण मुकुट करून राह्यलं?"

"त्याइचे बाप मागत नायी," संतोष म्हणायचा.

कापसाचे व्यापारी भगवंतराव मात्र मागणाऱ्यांपैकी होते. त्यांची मुलगी तेजस्विनी भीमपूरच्या प्रवीणला द्यायची ठरली होती. प्रवीण वीजखात्यात, घर भाजीपाल्याचं. गोष्टीतला राजा मुलीबरोबर अर्धं राज्य देतो. भगवंतरावांना ते परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी मुकुट द्यायचं ठरवलं, अस्सल सोन्याचा. तेजस्विनीनं मोबाइलवर कुठल्यातरी परीकथेतल्या राजकन्येचं चित्र दाखवलं. त्या मुकुटावर अशी फुलं होती की जी आदिलाबादेत कोणी पाहिलेली नव्हती. संतोषनंही पाहिलेली नव्हती. न पाहिलेलं फूल त्याच्या हातून उमटेना, म्हणून त्यानं त्या जागी कापसाची फुटलेली बोंडं घडवली आणि कापूस म्हणून मोती बसवले.

"काका, राजकन्या कापूस वेचते का?" तेजस्विनीनं विचारलं.

"वेचत नायी. तिचा बाप इकते."

भगवंतराव हसले. बोंडं राहिली. मुकुट खरोखर देखणा झाला होता. बोंडाची टरफलं इतकी पातळ की फुंकर मारली तर उडतील असं वाटावं.

आता बाशिंगाचं. आपल्याकडं लग्नात नवरानवरीच्या कपाळाला बाशिंग बांधतात, भेंडाचं, बेगड लावलेलं, झुबक्यांचं. तेजस्विनीनं साफ सांगितलं की मुकुटावर बेगड बांधलं तर फोटोत ती बैलपोळ्यातल्यासारखी दिसेल. तिच्या आईनं दोन दिवस विरोध केला आणि मग भीतभीत विहीणबाईंना फोन लावला. विहीण म्हणजे मथुराबाई. भीमपूरला स्वतः वांगी, मेथी पिकवणारी आणि आदिलाबादच्या बाजारात स्वतः विकणारी. तिच्या ताजव्यात कधी कोणाला खोट सापडली नव्हती, आणि तिनं दुसऱ्याच्या ताजव्यावर कधी विश्वास ठेवला नव्हता. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "कपाळ मोकळं नसलं मंजे झालं."

हे उत्तर सगळ्यांना फार समजूतदारपणाचं वाटलं. त्याचा अर्थ कोणी लावला नाही.

लग्नाच्या दिवशी मुकुट घसरला. त्याला मागून दोन बारीक फण्या होत्या. परदेशातल्या राजकन्यांना त्या पुरत असाव्यात. तेजस्विनीच्या केसांना आदल्या दिवशी तेल लागलं होतं, वर गजरे होते, आणि अंतरपाट धरायच्या वेळेला मुकुट नाकावर आला. संतोष हॉलमध्ये जेवत होता. त्याला ताटावरून उठवून आणलं. खिशात पक्कड होतीच. मुकुटाच्या दोन्ही टोकांच्या वेलांट्या त्यानं वळवून त्यांच्या कड्या केल्या आणि दोरा मागितला. हॉलमध्ये मिक्सर होता, जनरेटर होता, फुगे फुगवायचं यंत्र होतं, दोरा नव्हता. भटजी घड्याळ दाखवू लागले. तेव्हा नवरीच्या आत्यानं, आशाबाईनं, कंकणासाठी तयार ठेवलेल्या ताटातला हळद लावलेला पिवळा दोरा ओढून दिला. संतोषनं तो कड्यांतून ओवला आणि नवरीच्या डोक्यामागं गाठ मारली. गाठ त्यानं सोनाराची मारली, म्हणजे न सुटणारी. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. मुकुट जागचा हलला नाही. सगळ्यांनी संतोषचं कौतुक केलं. या प्रकरणातलं ते शेवटचं कौतुक.

मुकुटाची मखमली डब्बी होती. कड्या झाल्यामुळं मुकुट आता तिच्या खाचेत बसत नव्हता. "मी खाच वाढवून देतो," असं म्हणून संतोषनं रिकामी डब्बी घरी नेली. ती त्याच्या हातात दिली आशाबाईनंच.

नवरी मांडवपरतणीला माहेरी आली तेव्हा तिची पेटी उघडली गेली. शालू होता, पैठणी होती, गोफ होता, बेडकाची अंगठीसुद्धा होती.

"मुकुट?" आईनं विचारलं.

"डब्बीत असंन," आशाबाई म्हणाली.

"अन् डब्बी?"

"सोनाराकडं."

"मंग मुकुट बी सोनाराकडंच," आशाबाई पुढं म्हणाली. आशाबाई पाठराखीण म्हणून नवरीबरोबर भीमपूरला गेली होती. नवरीच्या अंगावरच्या सोन्याची जबाबदारी पाठराखणीची असते. तिला मुकुटाचं काहीएक आठवत नव्हतं, आणि म्हणून तिची खात्री पक्की होती. "हॉलमदीच उतरवला. माह्या डोळ्यानं पाह्यलं."

निघतानाच्या व्हिडिओत तेजस्विनीच्या डोक्यावरून शालूचा पदर पार हनुवटीपर्यंत ओढलेला होता. त्याखाली मुकुट होता की नुसतं रडणं, हे कॅमेऱ्याला कळलं नव्हतं.

"मले वाटते," तेजस्विनी हळूच म्हणाली, "तिकडं घरी गेल्यावर कोणीतरी कपाळावरून उतरवला. लाइट गेलती. देवापुढं बसवलं होतं."

भगवंतरावांनी मुलीकडं पाहिलं.

"वाटते का आठवते?"

आठवतं म्हटलं, तर मुकुट सासरी हरवला होता. पोरीला सासरी जाऊन अजून अंगाची हळदही उतरली नव्हती. नवऱ्याला फोन करून विचारायचं, तर वाक्याची सुरुवात 'तुमच्या आईनं' अशी करावी लागत होती.

"वाटते," तेजस्विनी म्हणाली.

एका बाजूला व्याही होते, दुसऱ्या बाजूला सोनार. निवड अवघड नव्हती.

भगवंतराव दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात आले. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. चहा नको म्हणाले. संतोषला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. भगवंतराव चहाला नाही म्हणत नसत.

"संतोष, डब्बी दे."

संतोषनं दिली. खाच वाढवून झाली होती. भगवंतरावांनी उघडली, आत बोट फिरवलं.

"याच्यातलं?"

"ते तं पोरीच्या कपाळावर होतं, काका."

"होतं."

"मंग भीमपूरले असंन."

भगवंतरावांनी डब्बी मिटून परत त्याच्यापुढं ठेवली. आवाज मुळीच चढवला नाही. "भीमपूरचं नाव घेतलं ते इथंच ठेव. पोरगी देऊन हप्ता नायी झाला. अन् मी ईवायाच्या दारात उभं राहून मनू, का तुमच्या घरात माह्यं सोनं हारपलं?"

"मी पुसतो."

"तू कोण?"

प्रश्न रास्त होता.

"शुक्रवारी तिथं सत्यनारायण हाये. आजूबाजूच्या गावचे लोक जेवाले येतेत. पोरगी पूजेले उघड्या कपाळानं बसली का पह्यला सवाल मुकुटाचा. तिथं जाऊन आणून दे. कुठं होता, कसा होता, म्या पुसणार नायी. अन् कोणाले बोलणारबी नायी."

ते दुकानातून उतरले तोवर बोलून झालंच होतं. आदिलाबादच्या बाजारात बातमी मराठीत निघते, उर्दूत पिकते आणि तेलुगूत घरोघर पोचते. हिंदीत ती फक्त बाहेरगावच्या व्यापाऱ्यांसाठी सांगावी लागते. सोनार सख्ख्या आईच्या सोन्यातलंही काढतो, ही म्हण चारही भाषांत तयारच होती. दुपारी एक म्हातारी डाग द्यायला टाकलेली जोडवी परत मागायला आली.

"अजून डाग देल्ला नायी, मावशी."

"राहू दे बाप्पा. तुटकीच बरी."

संध्याकाळपर्यंत आणखी दोघं येऊन गेले. एकानं तर संतोषसमोर भिंग मागून स्वतःची अंगठी तपासली. भिंगातून काय पाहायचं असतं हे त्याला माहीत नव्हतं, पण त्यानं बराच वेळ पाहिलं.

संतोषनं घरी येऊन हातपाय धुतले. मग म्हणाला, "दुसरा करतो."

रंजीता भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही. "कायचा?"

"सोन्याचा."

"सोनं?"

तिनं स्वतःच्या हाताकडं पाहिलं. पीठ लागलेल्या मनगटांत पाटल्या होत्या, तिच्या वडिलांनी गुडीहत्नूरच्या सोनाराकडून केलेल्या, जावई सोनार असूनही.

"आणून देल्ला तं लोक मनतीन, घेतलाच होता," ती म्हणाली.

"नायी देल्ला तरी बी तेच मनतीन."

"मंग देऊन काय मिळते?"

"परत देणाऱ्या चोराचं दुकान चालते," संतोष म्हणाला. "नायी देणाऱ्याचं चालत नायी."

रंजीतानं यावर विचार केला. तव्यावरची भाकरी उलटली, शेकली, उतरवली. मग हात धुतले आणि धुतलेल्या हातांना पुन्हा साबण लावला. पाटल्या सहज निघाल्या नाहीत. पंधरा-वीस वर्षांत मनगटानं त्यांच्याभोवती आपली सोय करून घेतली होती. "बाबा मनत होते, अडीअडचणीले कामी येतीन," ती पाटली ओढत म्हणाली. "सोनाराच्या घरात अडचण सोन्याचीच येईन, हे काही त्याइच्या ध्यानात आलं नोतं."

दुसऱ्या दिवशी शटर अर्धं ओढून संतोषनं मूस तापवली. रंजीता समोर बसली. साक्षीदार पाहिजे, असं म्हणाली. पाटल्या मुशीत मऊ झाल्या, एकमेकींना टेकल्या, मग त्यांचा एक गोळा झाला. सोनं पहिल्या मुकुटाइतकं नव्हतं, म्हणून पत्रा आणखी पातळ ओढावा लागला. संतोषनं आयुष्यात इतकं बारीक काम केलं नव्हतं आणि इतक्या भीतीनं तर नाहीच. फुंकणीची धग जरा जास्त झाली की बोंड पाघळणार. पाघळलं तर पुन्हा ओतायला वेळ नाही. एक पाघळलंच. ते त्यानं चिमट्यानं वळवून न उमललेली कळी केली. मोती आधीच्याच सरातले उरलेले होते. कड्या केल्या. दोरा ओवला. तो पांढरा दिसतो म्हणून रंजीतानं त्याला हळद फासली.

"आता कोणी मनन का दुसरा हाये मनून?" तिनं विचारलं.

"कोणी दोन शेजारी ठेवले तं मनन."

"कोण ठेवते?" रंजीता म्हणाली.

शुक्रवारी तो गाडीवर डब्बी पोटाशी धरून भीमपूरला गेला. रस्त्यात प्रत्येक खड्ड्याला त्याचा हात डब्बीवर जात होता. मथुराबाईच्या घराला पुढं नवा स्लॅब होता आणि मागं जुनं टिनाचं सैपाकघर. फाटकाशीच भगवंतराव उभे होते. त्यांनी डब्बी घेतली, किलकिली करून पाहिली, मिटली.

"झालं," ते म्हणाले.

कुठं होता, हे त्यांनी कबूल केल्याप्रमाणं विचारलं नाही. विचारलं असतं तर संतोषला बरं वाटलं असतं. भगवंतराव डब्बी घेऊन आत गेले आणि सोनार गाडी वळवू लागला. तेवढ्यात मथुराबाईनं पाहिलं.

"सोनार, जेवल्याबिगर चालला का? मागं ये."

पुढच्या खोलीत व्याही, भटजी, पाहुणे. सोनाराला मागं बसवलं, जुन्या सैपाकघरात. यात अपमान नव्हता. जागेची वाटणी होती. मथुराबाईनं स्वतः ताट वाढलं: वरणभात, तिच्याच मळ्यातल्या वांग्याची भाजी, कडेला शिरा. संतोष मान खाली घालून जेवू लागला. दारातून वारा आला, आणि वर काहीतरी बारीक किणकिणलं.

त्यानं वर पाहिलं.

टिनाखाली सागवानी आढं होतं, धुरानं काळं झालेलं. आढ्याला ओळीनं जोडीजोडीनं बाशिंगं बांधलेली होती. पहिली जोडी इतकी काजळलेली की बेगडाचा रंग ओळखू येईना. ती मथुराबाईच्या सासूसासऱ्यांची, दोघंही अजून हयात. मग तिची स्वतःची. मग दिराची. आणि शेवटी एक नवीन जोडी. तीतलं एक बाशिंग भेंडाचं, झुबक्यांचं. दुसरं सोन्याचं. कापसाची बोंडं, मोती, दोन्ही टोकांना पकडीनं वळवलेल्या कड्या, पिवळा दोरा आणि त्याची स्वतःची गाठ. गाठ सुटली नव्हती. मथुराबाईनं ती तशीच आढ्याच्या खिळ्यात अडकवली होती.

गेले तीन दिवस अख्खं आदिलाबाद जे शोधत होतं ते इथं सगळ्यांच्या डोक्यावर टांगलेलं होतं. तेजस्विनीला दिसलं नव्हतं, कारण नवी सून वर बघत नाही.

निर्दोष असल्याचा आनंद संतोषला साधारण एका घासापुरता मिळाला. मग त्याला डब्बी आठवली.

लग्नात कपाळाला जे बांधलं, ते बाशिंग. बाशिंग आढ्याला गेलं की खाली येत नाही. ते खाली येतं ते फक्त जोडा फुटल्यावर. हे संतोषला लहानपणापासून ठाऊक होतं. त्याच्या आईचं बाशिंग उतरवलं तेव्हा तो समोर होता. आणि आता पुढच्या खोलीत तेजस्विनी हुबेहूब तसाच मुकुट कपाळाला बांधून पूजेला बसणार होती. मथुराबाई पाहील. तिला वाटेल, कोणीतरी तिच्या पोराचं बाशिंग आढ्यावरून उतरवलं, पोरगा जिवंत असताना, भरल्या पूजेत. कोणी उतरवलं, तर सुनेनं. मग त्या पोरीला या घरात कोण काय म्हणेल, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

तो उठला.

"बस. भात आणून राह्यली मी," मथुराबाई म्हणाली.

"भगवंतरावले एक सांगाचं होतं."

"जेवून सांग. भरल्या ताटावरून उठू नये."

"आलोच."

"सोनार, ताटावरून उठू नको मनलं."

तो उष्ट्या हातानं तसाच निघाला. मधल्या बोळीत पाहुणे दाटीनं उभे होते. "सरका, सरका जरा," तो म्हणत होता, आणि लोक त्याच्या उष्ट्या हाताला बिचकून सरकतही होते, पण सावकाश. तो दारात पोचला तेव्हा तेजस्विनी प्रवीणशेजारी पाटावर बसत होती. मुकुट कपाळावर होता. भगवंतराव भिंतीशी रिकामी डब्बी घेऊन उभे होते, आणि आठवड्यात पहिल्यांदा त्यांचा चेहरा मोकळा होता.

संतोषच्या मागून भाताचं पातेलं घेऊन मथुराबाई आली होती. तिनं सुनेकडं पाहिलं.

तिनं पातेलं खाली ठेवलं, दारातच, लोकांच्या पायात. वळली आणि मागं गेली. भटजींनी शंखाला हात घातला होता तो तसाच ठेवला. कोणाला काय झालं ते कळत नव्हतं, पण काहीतरी झालं हे पातेल्यावरून कळत होतं. तेजस्विनीनं बापाकडं पाहिलं. बापानं संतोषकडं पाहिलं. संतोष सैपाकघराकडं कान देऊन उभा होता. तिथून कुठलाच आवाज येत नव्हता.

मथुराबाई परत आली.

"एक वर हाये," ती म्हणाली. आवाज वांग्याचा भाव सांगावा तसा. "मंग हे कोणाचं?"

"वर मंजे?" भगवंतरावांनी विचारलं.

ती संतोषकडं बघत होती. "सोनार. हे कोणाचं?"

आता खोलीत चार गावचे लोक होते, आणि सगळे संतोषच्या तोंडाकडं बघत होते. खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. तो निर्दोष आहे हे आज रात्रीपर्यंत आदिलाबादला पोचलं असतं, चारही भाषांत. त्याबरोबर हेही पोचलं असतं की मुकुट सासरी हरवला असं मुलीच्या बापाला वाटलं होतं. समोर तेजस्विनी बसली होती, पिवळ्या दोऱ्याखाली कपाळ घामानं चमकत होतं.

"माह्या बायकोचं," संतोष म्हणाला.

"तुह्या बायकोचं सोनं माह्या सुनेच्या कपाळावर काऊन?"

"नमुना हाये. नवा केला. गिऱ्हाइकाले दाखवाचा होता. पोरीच्या कपाळावर कसा दिसते मनून... काकाले मीच मनलं, एक बार ठेवून पाहू."

हे खोटं होतं आणि फारसं चांगलंही नव्हतं. मथुराबाईनं ते ऐकून घेतलं. मग तिनं भगवंतरावांच्या हातातल्या डब्बीकडं पाहिलं. मग त्यांच्या तोंडाकडं. भाजीबाजारात तिनं हे रोज केलं होतं: आधी माल बघायचा, मग माणूस.

ती पाटाजवळ बसली, सुनेच्या डोक्यामागचा दोरा सोडला, मुकुट पदरानं पुसला आणि संतोषच्या डाव्या, उष्टं नसलेल्या हातात ठेवला.

"नमुना बाशिंगासारखा करू नये, सोनार. मानसाच्या जिवाले घोर लागते." मग व्याह्यांकडं वळून म्हणाली, "ईवाईबुवा, तुमी आमचं आढं पाह्यलं नायी वाटते. या, दाखवते."

भगवंतराव मागं गेले, त्यांच्यामागून संतोषही. आढ्याखाली बराच वेळ मान वर करून उभे राहिले.

"सोनं हाये ते, मथुराबाई," ते शेवटी हळूच म्हणाले. "असं उघड्यावर... लॉकरमदी ठेवलं तं बरं."

"सोनं हाये, मले दिसते. मी आंधळी नायी. कपाळाले बांधलं, हळदीचा दोरा होता, अक्षता पडल्या. मंग सोनं असो का बेगड. आता जोडा हाये तवरोक ते उतरत नायी."

"पण हळदीचा दोरा..."

"तुमच्या सोनारानं बांधला. त्याले माहीत असंनच."

संतोषला हे दोऱ्याचं माहीत नव्हतं. त्यानं हातात आला तो दोरा बांधला होता. त्यानं मान डोलावली.

पूजा झाली. तेजस्विनी नुसता मोगऱ्याचा गजरा माळून बसली होती. संतोषचं ताट मथुराबाईनं नव्यानं वाढलं, आणि तो पोटभर जेवेपर्यंत ती दारात उभी होती. त्या दिवशी ती त्याच्याशी मुकुटाबद्दल बोलली नाही, नंतरही कधी नाही.

भगवंतरावांनी आदिलाबादला येऊन बाजारात एकच शब्द सांगितला: सापडला. ते खोटं नव्हतं. कुठं, ते सांगणं त्यांच्या सोयीचं नव्हतं, आणि सोनार शुक्रवारी डब्बी घेऊन भीमपूरला जाताना पुष्कळांनी पाहिला होता. उरलेली गोष्ट बाजारानं स्वतः लावून घेतली. जायला चार भाषा होत्या. बातमीला परत यायला एकही मिळाली नाही. राजकन्यांची मागणी उतरली. ती आता काचेच्या दाराच्या दुकानांत जाते. तिथं मुकुट घडवलेले येतात आणि त्यांना फण्याच असतात.

दुसरा मुकुट संतोषनं वितळवला आणि पुन्हा पाटल्या केल्या. रंजीतानं त्या घातल्या, हात वरखाली करून पाहिला.

"बारीक झाल्या."

"दोनदा मुशीत गेल्या. घट येते."

"माह्यं सोनं बी जाळलं, मंग तिथं खरं काऊन नायी सांगतलं?" तिनं विचारलं.

संतोषनं शेगडीतला कोळसा सारखा केला. "पोरगी समोर बसली होती," तो म्हणाला.

रंजीतानं पाटल्या कोपराकडं सारल्या. पहिल्यापेक्षा सहज गेल्या. "निघाले सोप्या झाल्या," ती म्हणाली. "पुढच्या राजकन्येच्या टायमाले साबण लागत नायी."

शेरा अजून कायम आहे. नव्या गिऱ्हाइकाला कोणीतरी तो सांगतोच: त्या गल्लीतल्या सोनाराला काही द्यायचं तर खात्री करून दे.

पुढच्या वर्षी बाजाराच्या दिवशी मथुराबाई वांग्याची टोपली विकून, काचेच्या दाराची दोन दुकानं ओलांडून, अर्ध्या ओढलेल्या शटरखालून आत आली. तेजस्विनीची मुलगी तिनं संतोषच्या मांडीवर ठेवली. कान त्यानंच टोचले.